'थांबू नको'वरची मारामारी

नाटकात कुणी कुणाला थोबाडीत मारली, जिन्यावरून ढकललं, गळा दाबून भिंतीला लावलं, तर ते बहुतेक मी शिकवलेलं असतं. मारामारी बसवणं हा माझा धंदा. सगळे मला मास्तर म्हणतात. या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची असते: मारामारी मार खाणारा चालवतो. केस धरून फरपटायचं असलं तर मारणाऱ्याची मूठ डोक्यावर नुसती टेकलेली असते. मार खाणाराच ती दोन्ही हातांनी दाबून धरतो आणि स्वतःच्या पायांनी सरकत जातो. ठोशाचा आवाजही तोच काढतो, आपल्याच छातीवर चापट मारून. आणि प्रत्येक फटक्याआधी तो मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघतो. ती नजर मिळाल्याशिवाय हात सुटायचा नाही.

त्या वर्षी आमच्या थिएटरने ज्यूकबॉक्स नाटक घेतलं. पूर्वी हॉटेलात एक पेटी असायची, नाणं टाकलं की सांगाल ते गाणं लावायची. तसंच हे नाटक. एखाद्या जुन्या रॉक बँडची गाजलेली गाणी घ्यायची आणि ती जोडत जोडत गोष्ट रचायची. गोष्ट म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर जायचा जिना. अशा नाटकाला नाक मुरडणारे पुष्कळ. पण लोक तिथे नवीन काही ऐकायला येतच नाहीत. पाठ असलेलं गाणं शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर मोठ्याने म्हणायला येतात. घरी म्हटलं तर पोरं हसतात. इथे सगळेच बेसूर, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नाही.

आमचा बँड दोन भावांचा होता. थोरला गायचा, धाकटा ड्रम वाजवायचा. त्यांचं 'थांबू नको' हे गाणं तुम्ही कुठल्याही लग्नात, कुठल्याही दारूच्या गुत्त्यात ऐकलं असेल. एका मोठ्या मैदानावर तेच गाणं चालू असताना थोरल्याने माईकचा स्टँड उचलला, ड्रमच्या मागे गेला आणि धाकट्याला बडवून काढलं. जबडा मोडला, एका कानाचा पडदा गेला. समोरच्या गर्दीला वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. बँड तिथेच फुटला. पुढे मात्र त्या मारहाणीचा विनोद झाला. टी-शर्टवर चित्र छापून यायला लागलं: पुढे पळणारा ड्रमवाला, मागे स्टँड घेतलेला गायक. लोक तो घालून नाटकाची तिकिटं काढायला येत. मायलेकी तर एकसारखे घालून येत.

नाटकात तो प्रसंग मध्यंतराआधी होता, अर्थात 'थांबू नको'वर. मी मारामारी गाण्याच्या तालावर बसवली. असंच बसवतात. ताल नटांना सांभाळून घेतो, कुणाचा हात कधी येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. थोरल्याचं काम करणारा नट उंच, मान पुढे काढून चालणारा. त्याला सगळे उंट म्हणत. धाकट्याचं काम एका बुटक्या, चपळ पोराकडे होतं. त्याचं नाव पडलं होतं बटण.

तालमीच्या पहिल्याच आठवड्यात धाकटा मला भेटायला आला. खरा धाकटा. साठी उलटलेला, जबडा एका बाजूला किंचित वाकडा. माझ्याशी बोलताना तो चांगला कान पुढे करून तिरपा उभा राहिला.

"मास्तर, तुमचा वेळ खात नाही," तो म्हणाला. "एकच सांगायचंय. लोक म्हणतात आमचं भांडण झालं. भांडण नव्हतं ते. भांडायला दोघं लागतात. मला मारलं होतं. एवढं दिसू द्या."

मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघतो म्हणणारे पुष्कळ भेटले. तुम्ही करा." आणि मागच्या खुर्च्यांत जाऊन बसला. त्यानंतर तो जवळजवळ रोज यायचा. कुणाशी बोलायचा नाही.

मग थोरला आला. गाणी त्याच्या मालकीची होती, त्याच्या होकाराशिवाय नाटक उभंच राहिलं नसतं. काळं जाकीट, रंगवलेले केस आणि गोड बोलणं. आल्या आल्या त्याने सगळ्यांना खिशात टाकलं. दिग्दर्शिकेला म्हणाला, "बाई, तुम्ही मला परत तरुण करताय, आता बायको शोधून द्या." उंटाकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "हा माझं काम करणार? कपडे वाळत घालायला बरा आहे." सगळे हसले. मीही हसलो. मागे बसलेल्या भावाकडे त्याने एकदाही वळून बघितलं नाही.

"दाखवा बघू मारामारी," तो म्हणाला.

दोघांनी करून दाखवली. गाणं लागलं, उंटाने तालात हात चालवले, बटणने तालात छातीवर चापट्या मारल्या आणि ड्रमवर कोसळला.

"छे छे. पाहुण्याला चहा देतोयस की मारतोयस? आण इकडे." त्याने उंटाच्या हातातून स्टँड घेतला. तेव्हा रबरी स्टँड अजून आला नव्हता, तालमीत लोखंडी होता. उंट फक्त उचलायचा, अंगाला लावायचा नाही.

मी पुढे झालो. "साहेब, तो तुमच्याकडे बघेल, मग हात उचलायचा. आणि अंगापासून हातभर लांब..."

"मास्तर, या प्रसंगाची तालीम मी तुमच्या आधी केलीय," थोरला म्हणाला, आणि परत हशा झाला.

बटणला मी शिकवलं होतं तसं त्याने केलं. मान वर केली आणि थोरल्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

थोरल्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला. "बघतोस काय वर?" एवढंच तो म्हणाला आणि स्टँडचा खालचा जड भाग त्याने पोराच्या तोंडावर हाणला. आवाज काढायची गरज पडली नाही. बटण ड्रमच्या खुर्चीवरून मागे पडला. त्याने हात तोंडाला लावला तर बोटांमधून रक्त आणि दोन दात बाहेर आले. थोरल्याने दुसरा फटका पाठीवर दिला, तिसरा कमरेत. पोरगं गुरासारखं ओरडत होतं आणि भोंग्यातून 'थांबू नको' चालू होतं.

आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. नुसते उभे. मला वाटलं हे खोटं आहे. माझा जन्म खोट्या मारात गेला, आणि खरा समोर आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. बाईंचा सहायक फोन धरून चित्रण करत होता. कोपऱ्यात कुणीतरी टाळीही वाजवली.

ओळखला फक्त धाकट्याने. तो खुर्च्या बाजूला ढकलत धावत आला आणि मध्ये पडला.

"दादा, परक्याचं पोर आहे ते. सोड त्याला."

"तू बाजूला हो."

"नाही होत."

थोरल्याने स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि भावाच्या खांद्यावर आणला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं, वाळकं लाकूड गुडघ्यावर मोडतात तसं. धाकटा खाली बसला, पण पोरावर आडवा पडूनच राहिला. थोरल्याने परत स्टँड उचलला तेव्हा माझे पाय सुटले. मी त्याच्या कानाखाली ठोसा मारला. कशाला खोटं बोलू, आयुष्यात पहिलाच खरा ठोसा. तो पडला, डोकं फळीवर आपटलं, आणि माझ्या करंगळीचं हाड मागे सरकलं. खरा ठोसा मारणाऱ्यालाही लागतो, हे आम्ही शिकवत नाही.

मग एकदम सगळ्यांना जाग आली. कुणी पाणी आणलं, कुणी टॉवेल. बाईंनी गाणं बंद केलं. दवाखान्याच्या बाकावर धाकटा माझ्या शेजारी बसला होता, हात गळ्यात बांधलेला.

"त्या पोराचा दोष नाही, तुमचाही नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे वर बघितलं की खूण असते. आमच्या घरात वर बघणं म्हणजे उलट उत्तर. बाबा आईला त्यावरूनच मारायचे. दादाने घरातून तेवढंच उचललं. मैदानात त्या दिवशी मी नुसतं वर बघितलं होतं. तो ओळ विसरला होता, मी वाट बघत होतो कधी उचलतोय ते. त्याला वाटलं, डोळे वटारतोय."

बटणची आई पोलिसात जायला निघाली होती. थिएटरच्या मालकांनी तिची समजूत काढली. बटण स्वतःच म्हणाला, "काम सोडलं तर दात फुकट गेले." नवे दात बसवून तो तालमीला आला. थोरला चार दिवसांनी आला, कानाखाली निळं घेऊन. माफी नाही की काही नाही. "मैदानात उतरलं की लागतं," म्हणाला. मला तर त्याने पाठीवर थाप मारली. "मास्तर, हात आहे हो तुम्हाला." पण बाईंना त्याने अट घातली: मारामारी ठेवा नाहीतर काढा, गाणं मध्ये थांबवायचं नाही. रडणं नको, शांतता नको. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत गाणं पूर्ण झालं पाहिजे. नाहीतर गाणी परत.

"लोक माझं गाणं ऐकायला येतात," तो म्हणाला. "त्याचं बोंबलणं ऐकायला नाही."

बाई मला म्हणाल्या, "मास्तर, गाणं गेलं तर नाटक गेलं. पण मारही दिसला पाहिजे. जे काय करायचं ते गाण्याच्या आत करा."

मी फटके वाढवले. रक्ताची पिशवी दिली, ती बटणने चावली की हनुवटीवरून ओघळ यायचा. उंटाला सांगितलं, चेहऱ्यावर राग नको, काम उरकतोयस असा मार. मला वाटलं, आता दिसेल.

आमंत्रित लोकांसमोर रंगीत तालीम झाली. 'थांबू नको' सुरू झालं तशी अर्धी माणसं उभी राहिली. उंटाने पहिला फटका मारला तो तालावर, आणि लोकांची टाळीही त्याच तालावर. दुसरा फटका, टाळी. तिसरा, टाळी. बटणच्या तोंडातून रक्त आलं तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. सगळं थिएटर हात वर करून गात होतं, थांबू नको, थांबू नको, आणि उंट मारत होता. मी बाजूच्या पडद्याआड उभा होतो. एवढ्या माणसांना एका मारणाऱ्याच्या हाताशी जोडून द्यायचं काम मीच केलं होतं, आणि फार नीट केलं होतं.

धाकटा मागच्या रांगेत होता. गाणं संपायच्या आत तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. तो कपडे धुवायची मशीन दुरुस्त करायचा. दुकानाबाहेर पत्रे उघडलेल्या मशीन ओळीने, आत साबणाचा आणि जळक्या रबराचा वास. त्याची बायको काउंटरवर स्क्रू वेगळे करत बसली होती.

"या," ती म्हणाली. "तेव्हाही ड्रम, आताही ड्रम. आमच्या ह्यांना सुटका नाही."

धाकट्याने मला स्टूल दिलं. एका हाताने तो पाइप घट्ट करत होता. मी म्हटलं, "चुकलं. लोक टाळ्या वाजवतायत."

"वाजवणारच. ताल दिलात तर वाजवतील. मी आयुष्यभर तेच केलं."

"मग काय करू?"

"काढून टाका ना मारामारी. मी हात जोडले असते, पण एकच हात मोकळा आहे."

तेवढ्यात त्याच्यामागची मशीन आपटायला लागली. आत कपडे एका बाजूला गोळा झाले होते. धाडकन एकदा, मग काहीच नाही, मग लागोपाठ दोनदा, मग वाट बघायला लावून परत एकदा. मी बोलत होतो आणि मला वाक्य पुरं करता येईना. आवाजाआधीच खांदे आखडत होते. काउंटरवर त्याच्या बायकोचे हातही थांबले होते.

"बंद करा की ती," मी म्हणालो.

धाकट्याने बंद केली नाही. तो मशीनकडे बघत होता. "दादा असाच मारायचा," तो म्हणाला. "तुम्ही तालात बसवलीत ना, तिथेच गडबड आहे. दादा तालात कधीच नव्हता. गातानाही मी त्याला सांभाळून घ्यायचो. अहो, तालात मारलं असतं तर मी चुकवलं नसतं का? ड्रमवाला मी."

त्याची बायको म्हणाली, "ऐकलंत? मला हे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं." आणि उठून तिनेच मशीनचा खटका बंद केला.

मी थिएटरवर गेलो आणि बाईंना सांगितलं. "गाणं पूर्ण वाजणार?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या सुरापर्यंत."

"मग त्यांची अट मोडत नाही," त्या म्हणाल्या. "मोडतं ते लोकांचं गाणं. ते मला महाग पडेल. करा."

सगळी मारामारी उपसून परत बसवली. गाणं आपल्या वाटेने जाणार आणि फटके त्याच्या मध्येच कुठेतरी पडणार, दोन टाळ्यांच्या अधेमधे, कधी लवकर, कधी इतके उशिरा की आता मारत नाही असं वाटावं. उंट घाबरला. "मास्तर, ताल नसेल तर मला कळणार कसं? परत दात पडले म्हणजे?"

"बटणकडे बघ. तो सांगेल तेव्हाच."

बटण म्हणाला, "उंटा, नव्या दातांना हात लावलास तर मान कापीन." पण तोही घामाने भिजला होता. स्टँड आता रबराचा होता, ड्रमच्या आत चामड्याची भरलेली गोणी टांगली होती, तिच्यावर बटणने पायाने मारलं की अंग ठेचल्यासारखा आवाज येई. तरी पहिल्या दिवशी एक फटका चुकला आणि बटणच्या कानावर वळ उठला. दुसऱ्या दिवशी उंटाने मध्येच स्टँड टाकून दिला. म्हणाला, तालात मारताना नाचल्यासारखं वाटायचं, आता मीच याला मारतोय असं वाटतंय. त्याला तासभर बाहेर बसू दिलं, मग परत उभं केलं.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. थोरला पुढच्या रांगेत, मधोमध. शेजारी एक बाई होती, अंगात ते चित्र छापलेला टी-शर्ट. तिने आत येतानाच त्याच्याकडून दंडावर सही करून घेतली होती आणि ती पुसू नये म्हणून हात लांब धरून बसली होती. धाकटा मागच्या बाजूला, बायकोबरोबर.

पहिला भाग छान रंगला. लोक पहिल्याच गाण्याला उभे राहिले, हसले, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून डुलले. मग 'थांबू नको' लागलं आणि असा आवाज झाला की छतावरची धूळ पडली. टाळ्या सुरू झाल्या. थोरलाही वाजवत होता, गात होता.

उंटाने स्टँड उचलला. टाळी पडली, फटका पडला नाही. टाळी पडून गेली आणि मग फटका पडला. लोक हसले, चुकलं म्हणून. पुढचे दोन फटके एकाच टाळीच्या आत पडले. बटण किंचाळला. टाळी वाजवणारे हात आता फटक्याची वाट बघू लागले, आणि तो येत नव्हता. आला तो भलतीकडेच. सगळ्यांचा ताल फाटला. पुढच्या रांगांत कुणी हात खाली घेतले. मागे अजून काहीजण गात होते, थांबू नको, मग त्यांनाच आपले शब्द ऐकू आले असावेत, तेही विरले. गाणं मात्र पूर्ण जोरात चालू होतं, एकटंच. त्याच्यातून चामड्यावरचे फटके येत होते आणि दर फटक्याआधी अख्ख्या थिएटरचे खांदे आखडत होते. बटण ड्रमच्या खुर्चीला मिठी मारून होता, हनुवटीवर रक्त. उंट थांबला, त्याने श्वास घेतला, परत मारलं. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, "बस करा रे." कुणी त्याला खाली बसवलं नाही.

थोरला अजून टाळ्या वाजवत होता. ताल धरून, एकटाच, हात उंच करून. मागे वळून लोकांना खुणावत होता, वाजवा, वाजवा. शेजारच्या बाईने त्याच्या हातांकडे बघितलं, समोर बघितलं, परत त्याच्या हातांकडे बघितलं. मग पर्स उचलली आणि रांगेच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली.

गाणं शेवटच्या सुरापर्यंत वाजलं. पडदा पडला. टाळी नाही.

मध्यंतरात तिकीट खिडकीवर माणसं भांडत होती. "आमच्या लग्नात हे गाणं होतं," एकजण बाईंना म्हणत होता. "तुम्हाला काय अधिकार?" बाई म्हणाल्या, "काही नाही," आणि उभ्याच राहिल्या. काहीजण निघून गेले. राहिले त्यांनी दुसऱ्या भागात पहिलं गाणं ऐकून घेतलं, दुसऱ्याला ओठ हलवले, शेवटच्याला उभे राहिले. गाण्यासाठी आलेली माणसं, किती वेळ गप्प बसणार? थोरला दुसऱ्या भागात बसलेलाच होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. बाहेर पडताना तो बाईंना म्हणाला, "उद्या वकील बोलेल." तो बोलला की नाही, नाटक किती चाललं, ते वेगळं.

धाकटा रंगपटात आला. बटण आरशासमोर बसून हनुवटीवरचा रंग पुसत होता. त्याला बघून तो उठायला लागला.

"बस, बस," धाकटा म्हणाला. "लागलं का?"

"नाही काका. सगळं खोटं असतं."

"कुठेच नाही?"

"खरंच नाही."

धाकट्याने मान हलवली. तरी त्याने मोकळ्या हाताने पोराची हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे वळवलं, आधी एक बाजू बघितली, मग दुसरी, मग कानामागे बोट लावून बघितलं.